पिवळा दिवा म्हणजे ‘अजून चालतंय’ नव्हे

यशवंतपूरजवळच भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. तेथे २०२२ साली ‘परम प्रवेग’ हा महासंगणक सुरू झाला. त्याचा कमाल वेग ३.३ पेटाफ्लॉप्स आणि माहितीची साठवण ४ पेटाबाइट. त्याची आकडेमोड करणारी कपाटे द्रव फिरवून थंड ठेवतात. मात्र बँका, रुग्णालये, शाळा आणि लष्करी कार्यालये यांच्या बहुतेक साठवण यंत्रणा आजही तळहाताएवढ्या पंख्यांवर अवलंबून आहेत. असा एखादा पंखा बंद पडतो, तेव्हा कसोटी यंत्राची कमी आणि त्याच्याभोवतीच्या माणसांची जास्त लागते, असे माझे मत आहे.

यंत्र आपले काम चोख करते. प्रत्येक पंखा मिनिटाला किती फेरे घेतो, याची नोंद कंट्रोलर सतत ठेवतो. एक पंखा थांबला की पिवळा दिवा लागतो, प्रमुखाकडे संदेश जातो आणि उरलेले पंखे वेग वाढवतात. डिस्कचे तापमान फारसे चढत नाही, फायली उघडत राहतात. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि मग कोणीतरी म्हणते, “चालतंय ना? सोमवारी बघू.”

पण या ‘चालण्या’ची किंमत असते. पंख्याचा वेग सव्वापट झाला की त्याला लागणारी वीज जवळपास दुप्पट होते. बेअरिंग लवकर झिजतात. जोरात फिरणाऱ्या पंख्यांच्या कंपनांमुळे हार्ड डिस्कचे वाचन-लेखन मंदावू शकते. काही यंत्रणा तर अशा वेळी माहिती मेमरीत थोपवून न ठेवता थेट डिस्कवर लिहू लागतात. काम संथ होते, पण माहिती सुरक्षित राहते. तरीही उष्णता मर्यादेबाहेर गेली, तर यंत्रणा हातातले लेखन पूर्ण करून स्वतःला बंद करते. याला कोणी दुबळेपणा म्हणू नये. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले, पण स्वराज्य राखले. काही तासांची सेवा गेली तर परत मिळते. गेलेली माहिती मिळेलच असे नाही.

“जादा पंखा दिलाच आहे, मग घाई कशाला?” हा प्रश्न वाजवी वाटतो. याचे उत्तर कॅडेटला ठाऊक असायला हवे. राखीव तुकडी लढाईत उतरवली की सेनापतीपुढचे पहिले काम नवी राखीव तुकडी उभी करण्याचे असते. जादा पंखा आपल्याला दुरुस्तीपुरता वेळ देतो, सुट्टी देत नाही.

माणसे कमी पडली की काय होते, हे ३० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनी परिसरात दिसले. विजेच्या दाबातील घसरणीमुळे मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधील शीतकरण संयंत्रे थांबली. काही हाताने पुन्हा सुरू करावी लागणार होती. रात्रपाळीला माणसे अपुरी होती. ती पोहोचेपर्यंत पाणी इतके तापले होते की संयंत्रे सुरू होईनात. शेवटी उष्णता कमी करण्यासाठी सर्व्हर आणि साठवण यंत्रणा बंद कराव्या लागल्या. कंपनीने नंतर रात्रपाळीची माणसे वाढवली.

आपल्यापैकी अनेक जण उद्या उंचावरील ठाण्यांवर जातील. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तेथील हवा जवळजवळ तीस टक्के विरळ असते, म्हणून तोच पंखा तितक्याच फेऱ्यांत कमी उष्णता वाहून नेतो. बाहेर थंडी आहे म्हणून बंद खोलीतले यंत्र थंड राहील, हे गृहीत धरू नये.

माझी सूचना साधी आहे. शाळेच्या संगणक कक्षातील सर्व्हरची आठवड्यातून एकदा पाहणी करण्याचे काम निदेशकांच्या देखरेखीखाली कॅडेटकडे द्यावे. दिव्याचा रंग, पंख्यांचा आवाज, जाळीवरची धूळ आणि खोलीचे तापमान नोंदवहीत वेळ व सहीसह लिहावे. योग्य मापाचा एक सुटा पंखा कपाटात असावा. आणि नवा पंखा हाती येईपर्यंत जुना उपसून काढू नये. त्या भोकातून हवा आखूड वाटेने निघून जाते आणि डिस्ककडे पोहोचतच नाही.

वरिष्ठांना छोटा बिघाड कळवणे ही कुरकुर नव्हे, कर्तव्य आहे. पालकांनीही घरी मुलांना ही सवय लावावी. पिवळा दिवा दिसला, त्याच दिवशी नोंद व्हावी आणि त्याच दिवशी दुरुस्तीला हात लागावा.