शेजारच्या धर्माचे अध्ययन

हलक्या धानाची कापणी उरकली, गायगोधनाच्या ढाली सजल्या आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडईंची व त्यांच्यामागून येणाऱ्या रात्रभराच्या नाटकांची चाहूल लागली, की झाडीपट्टीत दिवाळी आली असे समजावे. अशा आनंदपर्वात वाचकाच्या हाती धर्म आणि अध्यात्म यांच्या विद्यापीठीय अध्ययनासारखा गंभीर विषय देणाऱ्या संपादकाने आपली कैफियत आरंभीच सादर केलेली बरी. कैफियत एवढीच की, हा विषय आम्ही दुरून आणलेला नाही. अर्जुनी मोरगावच्या तहसिलीत राहणाऱ्या माणसाला तो पावलोपावली भेटतो.

नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव ज्याने बांधला असे सांगतात, तो कोलू पाटील कोहळी लोकश्रद्धेने कोलासूर देव होऊन त्याच तलावाच्या काठी पूजा घेतो आणि भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. प्रतापगडावर महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि तेथल्याच दर्ग्यावरही भाविकांची रीघ लागते. गोठणगावच्या बाजूस 1972 पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर या मुलखातील कित्येक घरांचे देव्हारे, लग्नविधी आणि सणवार पालटले. आणि याच जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला गोंड समाजाचे लोक दूरदूरच्या प्रांतांतून येतात. एका बुद्धाला शरण जाणाऱ्या दोन परंपरा, एक हिमालयापलीकडून आलेली आणि दुसरी नागपुरात नव्याने जन्मलेली, एकाच तहसिलीत नांदत असताना त्यांचे परस्परांविषयी काय म्हणणे आहे, हा प्रश्न कोणत्याही विद्यापीठाला भूषणावह ठरावा. परंतु आमचा पदवीधर तिबेटी माणसाला बहुधा हिवाळ्यातील स्वेटरविक्रेता म्हणून ओळखतो, आणि त्या वसाहतीतील मुलाला कोलासुराची कथा कोणी सांगितलेली नसते. आम्हांपाशी शेजार आहे, सलोखाही आहे. परिचय मात्र नाही. हा परिचय घडविणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे.

यावर राज्यघटनेचे नाव घेऊन हरकत घेण्यात येते. सरकारी निधीतून पूर्णपणे चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, अशी अनुच्छेद 28 मध्ये तरतूद आहे, हे खरेच. परंतु 1948–49 च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांना निरनिराळ्या धर्मप्रवर्तकांची चरित्रे, धर्मग्रंथांतील वेचे आणि धर्माच्या तत्त्वज्ञानातील मूलभूत प्रश्न वर्षागणिक शिकवावेत, अशी शिफारस केली; आणि 1964–66 च्या कोठारी आयोगाने एखाद्या धर्माची शिकवण देणे आणि धर्मांविषयीचे ज्ञान देणे यांतील भेद स्पष्ट केला. हा भेद दप्तरी नोंदला गेला, पण वर्गात फारसा उतरला नाही. आणि वर्गाने मोकळी सोडलेली जागा प्रवचनकार, प्रचारक आणि निवडणुकीतील वक्ते यांनी आपापल्या परीने व्यापली.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा आहे असेही नाही. जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये युनिटेरियन शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्माचे अध्ययन करण्यास गेले आणि 1903 मध्ये परतले. त्या अध्ययनाने ते पंडित होऊन स्वस्थ बसले असते तर नवल नव्हते, परंतु 18 ऑक्टोबर 1906 रोजी, ऐन दिवाळीत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मुंबईत परळला त्यांच्या मिशनची पहिली शाळा उघडली. गोव्याचे धर्मानंद कोसंबी कलकत्त्याची अधिक वेतनाची नोकरी सोडून बडोदे सरकारच्या दरमहा 50 रुपयांवर महाराष्ट्रात राहिले आणि 1912 पासून 1918 पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवून त्यांनी अभ्यासकांची एक पिढी उभी केली. ज्या भूमीतून बौद्ध धर्म शतकानुशतके जवळजवळ लुप्त झाला होता, तेथे तो प्रथम पाठ्यविषय म्हणून परतला आणि नंतर आंबेडकरांच्या हातून जीवनमार्ग म्हणून, हा क्रम मननीय आहे.

आमच्या स्वतःच्या विद्यापीठाचे उदाहरण तर याहून निकटचे. 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनाला आयुष्य वाहिले. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांच्या आड मठांत जपलेले ते वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक राजवाडे प्रभृतींच्या खटपटीने उजेडात आले, आणि कोलत्यांनी संपादिलेले लीळाचरित्र 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून पंथीयांचा रोषही ओढवला. मठात जो ग्रंथ पूज्य असतो तोच विद्यापीठात पाठभेदांसह तपासला जातो, आणि भाविकाला ती तपासणी अवमान वाटू शकते. हे दुःख कृत्रिम नसते, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. आमच्या मते येथे दोन अधिकार वेगळे करावेत. श्रद्धेचा अर्थ काय, हे सांगण्याचा पहिला अधिकार श्रद्धावंताचा; अभ्यासकाच्या वर्णनात त्याला आपला धर्म ओळखू आला पाहिजे. हस्तलिखिताचे वय किती आणि पाठ कोणता अस्सल, याचा निवाडा मात्र पुराव्यावर व्हावा. तेथे संख्येचा, सत्तेचा वा भावनेचा हुकूम चालू नये.

याच विद्यापीठाला 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले आणि त्यांच्या विचारधारेचा स्वतंत्र विभागही तेथे आहे. पाली-प्राकृताचा विभाग आहेच. साधने आहेत, उणीव आहे ती त्यांना गावापर्यंत आणण्याची. तुकडोजींच्या ग्रामगीतेवरील प्रश्नाचे उत्तर गाईडातून पाठ करणारा विद्यार्थी गुण मिळवील, परंतु त्याच विद्यार्थ्याला जर असे सांगितले की, तू ज्या धर्मात जन्मलास तो सोडून शेजारच्या एका धर्माच्या घरी, मठात, दर्ग्यात अथवा देवस्थानी रीतसर परवानगी घेऊन जा, तेथील माणसांना विचार, ऐकलेले लिहून काढ, आणि ते लेखन परीक्षकाच्या आधी त्यांना वाचून दाखव, तर त्याच्या हातून थोडे लिहिले जाईल, पण ते लिहिताना त्याला आपल्याही धर्माविषयी प्रश्न पडतील. अध्यात्म विद्यापीठात शिकविता येते काय, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर आहे की, साक्षात्कार शिकविता येत नाही; दुसऱ्याचे म्हणणे आपला अहंकार बाजूस ठेवून ऐकण्याची शिस्त मात्र शिकविता येते, आणि ती साधकाला जितकी लागते तितकीच संशोधकालाही.

ही सूचना तहसिलीतील महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आणि विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी विचारात घ्यावी, तिच्यातील दोष दाखवावेत, आणि वाचकांनी आपापल्या गावातील देवस्थानांच्या, विधींच्या व आख्यायिकांच्या नोंदी आमच्याकडे धाडाव्यात. त्यांना पुढील अंकात सन्मानाचे स्थान देऊ.