समुद्रातील हाक आणि तिचा खर्च

२०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात शिरले, तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या कित्येक मच्छीमार नौका किनाऱ्यापासून फार दूर होत्या. वादळाची सूचना त्यांच्यापैकी अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. पुढील काही दिवसांत शेकडो मच्छीमार वाऱ्यापुढे पळत थेट सिंधुदुर्गातील देवगड बंदरात आश्रयाला आले; अनेक जण मात्र कधीच परतले नाहीत. तटरक्षक दल आणि नौदल यांच्याकडे जहाजेही होती आणि विमानेही. अडचण होती ती एवढ्या अफाट समुद्रात नेमके शोधावे कोठे, याची.

वास्तविक संदेश कोठून आला हे ओळखण्याच्या विद्या नव्या नाहीत. सर्वांत जुनी दिशेची. दोन दूरच्या ठिकाणांहून संदेशाची दिशा टिपायची, नकाशावर दोन रेषा ओढायच्या आणि त्या जेथे छेदतील तेथे प्रेषक आहे असे समजायचे. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरातील जर्मन पाणबुड्या आपल्या मुख्यालयाशी वारंवार बोलत आणि त्या बोलण्यानेच आपला ठावठिकाणा शत्रूला देत. दुसरी विद्या वेळेची. एकच संदेश निरनिराळ्या ठिकाणी किती अंतराने पोहोचला, यावरून उगम काढता येतो. मात्र रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जात असल्याने घड्याळे अतिशय काटेकोर लागतात.

तिसरी रीत रेल्वेच्या फलाटावर उभा राहणारा कोणीही जाणतो. गाडी जवळ येताना शिट्टीचा स्वर चढा असतो, पुढे निघून जाताना तो उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुट्निक फिरू लागला, तेव्हा अमेरिकेतील दोन तरुण शास्त्रज्ञांनी त्याच्या आवाजातील या चढउतारावरून त्याची कक्षा काढली. जमिनीवरून उपग्रह सापडतो, तर उपग्रहावरून जमिनीवरचा प्रेषकही सापडला पाहिजे, हे ओघानेच आले. १९७९ मध्ये अमेरिका, सोविएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी याच तत्त्वावर कोस्पास-सारसॅट ही शोधव्यवस्था उभारण्याचा करार केला. सप्टेंबर १९८२ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, एका सोविएत उपग्रहाने कॅनडात कोसळलेल्या छोट्या विमानाचा संदेश टिपला आणि तिघांचे प्राण वाचले. दोन महासत्तांच्या वैराच्या त्या काळात हे घडले, याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही.

त्या आरंभीच्या यंत्रांत एक मोठा दोष होता. संदेश कोणाचा, हे त्यातून कळत नसे, आणि येणाऱ्या हाकांपैकी बहुसंख्य खोट्या ठरत. कोणाचे यंत्र पडून सुरू झालेले, कोणाचे हाताळताना. अशा प्रत्येक चुकीचा खर्च चूक करणाऱ्यावर पडत नाही. तो शोधपथकावर आणि त्याच वेळी खरोखर बुडणाऱ्या दुसऱ्याच माणसावर पडतो. अखेर फेब्रुवारी २००९ पासून जुन्या लहरींवरील संदेश उपग्रहांनी ऐकणे बंद केले. नव्या यंत्राच्या हाकेत त्याची स्वतःची ओळख असते. भारतही या व्यवस्थेत सहभागी असून तिचे येथील नियंत्रण केंद्र बंगळूरला आहे.

मग ओखीच्या वेळी उणीव कोठे राहिली? ती उपग्रहात नव्हती, नौकेवर होती. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दीपगृह हे सार्वजनिक वस्तूचे ठरलेले उदाहरण. त्याचा प्रकाश सर्वांना दिसतो, कोणाकडून वेगळी किंमत वसूल करता येत नाही, म्हणून ते शासनाने उभारावे असा युक्तिवाद मिल यांच्यापासून चालत आला. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, इंग्लंडमध्ये दीपगृहांचा खर्च जहाजांकडून बंदरात आकारलेल्या शुल्कातून दीर्घकाळ भागवला गेला. वाद काहीही असो, दीपगृहात दिवा लावणारा धनवान असतो व पाहणारा गरीब असला तरी चालते. संकटसंदेशाच्या व्यवस्थेत हे सारे उलटे होते. पाहणारे उपग्रह सरकारांनी उभारले आणि त्यांची सेवा विनामूल्य ठेवली. दिवा मात्र नौकेने विकत घ्यायचा. कर्जात चालणाऱ्या नौकेच्या मालकाने डिझेल, बर्फ आणि जाळी यांच्या आधी, कदाचित कधीच वापरावे न लागणारे यंत्र घ्यावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

ही गोष्ट शासनाच्या ध्यानात आली, हे मान्य केले पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेल्या योजनेत किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख यांत्रिक नौकांवर उपग्रहाशी जोडलेली संदेशयंत्रे टप्प्याटप्प्याने बसवायची असून त्यासाठी सुमारे ३६० कोटी रुपयांची तरतूद आहे. हे यंत्र नौकेला वादळाची सूचनाही देते आणि सागरी सीमा जवळ आल्याचा इशाराही. सरासरीने हा खर्च नौकेमागे ३६ हजार रुपये पडतो. एका शोधमोहिमेच्या मानाने तो क्षुल्लकच म्हणावा लागेल.

तथापि यंत्र फुकट मिळाले म्हणजे ते चालू राहील, असे नाही. खारे पाणी आणि इंजिनाची धग यांत ते टिकवायचे, तर दुरुस्ती बंदरातच झाली पाहिजे, आणि तिचा खर्च कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पोरबंदरची एक मच्छीमार नौका बळकावून आले. तेव्हापासून नौकांचा ठावठिकाणा हा सुरक्षेचा विषय झाला आहे, आणि तो तसा होणे अपरिहार्यही होते. परंतु बुडणाऱ्याला शोधणारे यंत्र, चालू असेल तोवर, कोण कोठे जाळे टाकतो हेही सांगते. मासळी कोठे मिळते ही माहिती म्हणजे तांडेलाचे खरे भांडवल. ते तो शेजारच्या नौकेलाही सांगत नाही. ही नोंद कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, तिच्या आधारे दंड होणार की नाही, हे नियमात स्पष्ट लिहून ते प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लावावे लागेल. हद्दीवर वा मासेमारी बंदीच्या काळात कारवाई करायची असेल तर तसे उघड सांगावे. मोघम ठेवले, तर नौका बंदर सोडताच यंत्राची तार काढली जाईल, आणि पुढच्या वादळात तटरक्षक दलाचे विमान पुन्हा नुसत्या डोळ्यांनी समुद्र धुंडाळत बसेल.