विमान उतरताना पंखाची झडप

विमानात खिडकीशी बसलेल्यांनी पाहिले असेल, विमान उतरू लागले की पंखाच्या मागच्या कडेचा पत्रा हळूहळू खाली वळतो. पंख मोडतो की काय, म्हणून काहीजण डोळेच मिटून घेतात! या झडपेला फ्लॅप म्हणतात. नागपूर, बारामती, गोंदिया येथील वैमानिक प्रशिक्षणाची चौकशी आता आपल्या वस्त्यांतील मुलेमुलीही करू लागली आहेत. तेव्हा त्यांच्या आईवडिलांनाही हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

फ्लॅप खाली केला की पंखाचा बाक वाढतो. त्यामुळे विमानाला उचलून धरणारी ताकद वाढते आणि हवेचा अडथळाही वाढतो. म्हणून विमान कमी वेगातही तरंगते आणि वेग न वाढता जास्त उताराने खाली येते. घाट उतरताना एस.टी.चा ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो, काहीसे तसेच.

पण वेग जास्त असताना फ्लॅप सोडला तर हवेच्या दाबाने तो वाकू शकतो. शिकाऊंच्या हाती बहुधा असणारे सेसना १७२ घ्या. त्याच्या ‘एस’ नमुन्यात पहिले १० अंश ११० नॉटच्या आत, त्यापुढे ३० अंशांपर्यंत ८५ नॉटच्या आत, म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटर. वेगमापकावरचा पांढरा पट्टा याच ८५ वर संपतो. आधी तो पट्टा पाहावा, मग हात घालावा. पूर्ण फ्लॅपने उतरताना वेग ६१ नॉटच्या आसपास ठेवतात.

खरा धोका आहे तो उतरणे रद्द करून पुन्हा वर जाताना. धावपट्टीवर अचानक जनावर आले, किंवा विमान उसळले. घाबरलेला शिकाऊ इंजिनला पूर्ण जोर देतो आणि फ्लॅप एकदम शून्यावर आणतो. जमीन जेमतेम काही फूट खाली असते, उचलणारी ताकद एकाएकी घटते आणि विमान धपकन बसते. म्हणून पूर्ण जोर देऊन फ्लॅप आधी २० अंशांवर आणावा, ६० नॉट वेग धरावा, मग १०, आणि समोरची झाडे, तारा ओलांडल्यावर शून्य. आणि फ्लॅप ३० वरच विसरला तर? अडथळा इतका की विमान वर चढायलाच तयार नसते. विदर्भातल्या मे महिन्यात तर हवा विरळ, इंजिनही मंद. ही क्रिया जमिनीवर बसून शंभरदा तोंडपाठ करून घेणारा शिक्षक कडक वाटला तरी तोच चांगला, असे आमचे मत आहे.

वारा आडवा असेल तर धावपट्टीच्या लांबीला पुरेल इतकाच, कमीत कमी फ्लॅप घेतात. फ्लॅप हलवताच विमान एका बाजूला कलंडू लागले तर एकीकडचाच फ्लॅप सरकला असे समजावे आणि दांडा लगेच पूर्वीच्या जागी न्यावा.

चाके आत ओढून घेणाऱ्या विमानात आणखी एक गोष्ट. उतरल्यावर घाईने फ्लॅप उचलायला जाऊन काहींनी चाकांचाच दांडा ओढलेला आहे. म्हणून धावपट्टी सोडून, थांबून, दांडा डोळ्यांनी पाहून मगच तो वर घेतात.