चोवीस तासांची रात्र

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हा आपल्या व्यापाऱ्यांचा साधा हिशेब. मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन विमानतळांतील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर. म्हणजे चौदा तास. गेल्या हिवाळ्यात मातोश्रींना धाकट्या बंधूंकडे न्यावयाचे ठरले, तेव्हा मीही एवढेच गणित मांडले होते.

ते अपुरे निघाले. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. सर्वांत जवळची वाट नॉर्वे व आइसलँडजवळून जाते. परंतु हवाई हद्दींच्या बंदीमुळे विमानांना पुष्कळदा वळसा घ्यावा लागतो. शिवाय उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जाण्यास पंधरा-सोळा तास लागतात, येण्यास त्याहून कमी.

खरी अडचण मात्र घड्याळाची नव्हती, सूर्याची होती. मातोश्रींचा चौविहार अनेक वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. आमचे विमान रात्री दोनचे. सोळा तासांनी मुंबईत सायंकाळचे सहा वाजतील, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात वाजलेले असतील. हिवाळ्यात तेथे सूर्य नुकताच उगवलेला असतो. विमान पश्चिमेस पळत राहते, म्हणून पहाट पुढे पुढे सरकते. मुंबईचा सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे त्यांची ती एक रात्र जवळजवळ चोवीस तासांची! वय चौऱ्याहत्तर, मधुमेहाची गोळी, आणि विमानातील कोरडी हवा. मी दचकलो.

मातोश्री शांतपणे म्हणाल्या, “नियम मोडायचा नाही आणि तुम्हांला काळजीतही टाकायचे नाही. वाट बदला.”

आम्ही वाट बदलली. सकाळी मुंबईहून निघून दुपारपूर्वी लंडन, तेथे एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचे विमान. दोन्ही उड्डाणे उजेडातच पार पडली. भाडे वाढले, एक दिवस अधिक गेला. पण त्यांनी दोन्ही दिवशी सूर्याच्या साक्षीने भोजन केले व पाणी घेतले.

घरातील वडीलधाऱ्यांचे तिकीट काढताना तासांबरोबर सूर्योदय-सूर्यास्तही मांडून पाहावे. जैन भोजनाची नोंद आधी करावी, मुक्काम असल्यास त्या देशाचे व्हिसाचे नियम तपासावेत. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचाराव्यात आणि पच्चक्खाणाविषयी गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे. हे सारे तिकीट काढण्यापूर्वी करावे; विमान सुटल्यावर सूर्य कोणासाठी थांबत नाही.