अंगावर काढणे हा गुण नव्हे

परवा एका घरगुती बारशाला गेले होते. जेवणं आटोपल्यावर नेहमीप्रमाणे दादाचा विषय निघाला. माझे एक मावसभाऊ म्हणाले, "दादांचं मात्र मानलं पाहिजे हं. ताप अंगावर काढला, पण कुणाला कळू दिलं नाही. कुणाला त्रास न देता गेले." सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलता बोलता भाऊ स्वतः खोकत होते, आणि थोड्या वेळापूर्वी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. मंगल प्रसंग, म्हणून मी गप्प राहिले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून हे लिहितेय. नातेवाईक वाचतील आणि काही जण रागावतील. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझा दादा एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेला. त्याने ताप अंगावर काढला हे खरं आहे, पण त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. ती चूक होती, आणि ती त्याची एकट्याची नव्हती. आपल्या घरांत ती शिकवलीच जाते. "जरा कणकण आहे", "हवा बदललीय", "पंख्याखाली झोपलो म्हणून अंग दुखतंय". तापातही उठून पोळ्या लाटणारी बाई आपल्याकडे गुणाची ठरते. त्यात त्या काळात भीती होती. २०२० मध्ये लोकांच्या हातावर मारलेले शिक्के, दारावर चिकटवलेले कागद आणि शेजाऱ्यांच्या नजरा कोण विसरेल? त्यामुळे आजार लपवण्याकडेच कल होता.

पण या आजारात पहिले चार-पाच दिवस फसवे असतात. ताप, घसादुखी, कोरडा खोकला, अंगदुखी, कधी जुलाब. तेव्हा वास आणि चवही जायची. बहुतेकांना यापुढे काही होत नसे. ज्यांचं बिघडायचं, त्यांचं साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बिघडायचं. ताप उतरला म्हणून माणूस निर्धास्त व्हायचा आणि नेमकी त्याच वेळी फुप्फुसं सुजायला लागायची. त्यातही कपटाचा भाग असा की, रक्तातला प्राणवायू पंच्याऐंशीपर्यंत उतरला तरी काही माणसं फोनवर व्यवस्थित गप्पा मारत होती. म्हाताऱ्या माणसांना तर कधी ताप येतच नाही. जेवण तुटतं, सारखी झोप येते, बोलण्यात असंबद्धपणा येतो, तोल जातो. आपण म्हणतो, वय झालं.

म्हणून दिवस मोजायचे ते पहिल्या लक्षणापासून. आमच्याकडे मोजले गेले रिपोर्टच्या तारखेपासून. दादाला कणकण आली शनिवारी, रिपोर्ट आला बुधवारी. त्यानंतरच्या रविवारी वहिनी मला फोनवर म्हणाली, "आज पाचवाच दिवस, तापही नाही." प्रत्यक्षात नववा दिवस होता. ऑक्सिमीटर घरात होता, पण कपाटात. "सारखं बघत बसलं की उगाच धास्ती वाटते" असं दादाचं म्हणणं. त्या रात्री बोट घातलं तेव्हा आकडा होता अठ्ठ्याहत्तर. पुढचं लिहीत नाही. आधी कळलं असतं तर तो नक्की वाचला असता, असंही मी म्हणणार नाही. त्या दिवसांत खाटा मिळत नव्हत्या. पण त्याला दोन-तीन दिवस जास्त मिळाले असते, एवढं खरं.

आता याची दुसरी बाजू. त्याच महिन्यात पुण्यातल्या माझ्या भाच्याने बरोबर उलटं केलं. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी छातीचा सीटी स्कॅन, आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवलेल्या यादीबरहुकूम सात गोळ्या. त्यात स्टिरॉइडही! प्राणवायू अठ्ठ्याण्णव होता. घरात मधुमेह असूनही त्याने स्वतःची साखर कधी तपासली नव्हती. ती साडेचारशेवर गेली आणि करोनासाठी नव्हे, तर साखरेसाठी त्याला रुग्णालयात राहावं लागलं.

स्टिरॉइड वाईट नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवून दिलं की, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांतले सुमारे एक पंचमांशाने. पण ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे दुसरी लाट येण्याआधीच होतं! तरी लोक पहिल्या दिवसापासून ते घेत राहिले. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावं लागलं की, सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि स्टिरॉइड नको. त्याच उन्हाळ्यात काळी बुरशी आली, आणि तिच्या रुग्णांत मधुमेही व स्टिरॉइड घेतलेले लोकच फार होते.

मला दादा आणि भाचा यांच्यात फरक दिसत नाही. एकाने काहीच केलं नाही, दुसऱ्याने सगळंच केलं. लक्ष मात्र दोघांनीही ठेवलं नाही. सुरुवातीचे उपचार म्हणजे मुख्यतः लक्ष ठेवणं. विश्रांती, भरपूर पाणी, तापाला पॅरासिटामॉल, वेगळी खोली. दिवसातून तीन-चार वेळा ताप आणि प्राणवायू बघून वहीत लिहायचा. बोट गार नको, नखाला रंग नको. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने २०२१ मध्ये सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी आठवते का? चालण्याआधी आकडा बघायचा, सहा मिनिटं सपाटीवर चालायचं, पुन्हा बघायचा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला की थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणाला ते उपचार वाटत नाहीत. डॉक्टरांनी "नुसतं लक्ष ठेवा" म्हटलं की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं.

हे जुनं झालं, आता करोना कुठे आहे, असं म्हणाल. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, हे ठीक. पण विषाणू गेला नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये आपल्याकडे पुन्हा रुग्ण वाढलेच होते. लशीमुळे आणि विषाणू बदलल्यामुळे बहुतेकांना आता सर्दी-घशावर भागतं. पण सत्तरीच्या पुढच्यांना, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोग असणाऱ्यांना धोका आहेच. अशांसाठी ज्या विषाणूरोधक गोळ्या निघाल्या आहेत, त्यादेखील लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि त्याही डॉक्टरांना विचारूनच. अंगावर काढणाऱ्याचे ते पाच दिवस तसेच निघून जातात.

तेव्हा दादा कुणाला त्रास न देता गेला, असं माझ्यासमोर पुन्हा कुणी म्हणू नका. त्याने त्रास द्यायला हवा होता. रात्री दोनला फोन करायला हवा होता.

आज सकाळी मावसभावाला फोन केला. विचारलं, "भाऊ, खोकल्याचा आज कितवा दिवस?" ते हसले. म्हणाले, "अगं, हवा बदललीय." मी पुन्हा विचारलं. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चौथा असेल." म्हटलं, वही घ्या आणि लिहा. आणि बाळाच्या आईलाही कळवा.