सोयाबीनच्या मुळांवरील गांठी

सोयाबीनचें रोप उपटल्यास मुळांवर बारीक गांठी दिसतात. ती कीड नव्हे. द्विदल पिकांस हवेंतील नत्रवायु या गांठींतील जिवाणूंमुळें मिळतो, हें हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८८ सालीं सप्रमाण दाखविलें.

परंतु हे जिवाणू उष्णतामानाच्या बाबतींत मोठे नाजूक. मातीचें उष्णतामान २५ ते ३० अंश सेंटिग्रेड असतां त्यांचें काम उत्तम चालतें. कॅनडांत पेरणीच्या वेळीं जमीन थंड असल्यानें गांठी धरण्यास विलंब लागतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यांत संकट नेमकें उलट. मृगाच्या एका सरीवर पेरणी उरकली व पुढें पावसानें ताण दिला, कीं वरची काळी माती तापते आणि बियाण्यास चोळलेले जिवाणू रोप वर येण्यापूर्वींच बहुतांशीं मरून जातात.

यास्तव ज्यांची शेती गांवीं आहे त्यांनीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावांचून पेरूं नये. जिवाणूंचें पाकीट उन्हांत ठेवूं नये. सांवलींत बियाण्यास चोळून त्याच दिवशीं पेरावें. फुलोऱ्याच्या सुमारास एखादी गांठ चिरून पाहावी. आंत तांबूस रंग दिसला, तर जिवाणू कामास लागले आहेत असें खुशाल समजावें.