घाट, गिअर आणि डावा हात

आजचा धागा कोणत्याही किल्ल्यावर नाही, राजावर नाही. तो मोटारीच्या गिअरच्या दांड्यावर आहे. नेहमीच्या वाचकांनी लगेच पाठ फिरवू नये. वडगावची लढाई मध्ये येणार आहे.

निमित्त घरगुती आहे. आमची जुनी, हाताने गिअर बदलण्याची गाडी विकून ऑटोमॅटिक घ्यावी, असा ठराव घरात बहुमताने संमत झाला. विरोधात मत एकटे माझे. माझे म्हणणे तेथे कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतले नाही, म्हणून ते येथे मांडते. घाटरस्त्यावर स्वतःच्या हाताने गिअर बदलत गाडी चालवण्यात जो आनंद आहे, तो वेगाचा आनंद नव्हे. तो चढ वाचता येण्याचा आनंद आहे. आणि ज्यांना या प्रदेशाचा इतिहास समजून घ्यायचा आहे, त्यांनी चढ वाचायला शिकलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

उदाहरणासाठी बोरघाट घेऊ. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना घेऊन पुण्याकडे निघाली. मुंबई ते पुणे हे अंतर नकाशावर क्षुल्लक वाटते. पण तोफा, दारूगोळा आणि हजारो बैल घेऊन सह्याद्रीचा कडा चढणे म्हणजे काय, हे त्या फौजेला वाटेत कळले. ती मुंगीच्या पावलाने सरकत राहिली, मराठ्यांना तयारीला अवधी मिळाला, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला. घाट हे त्या पराभवाचे एकमेव कारण नव्हते. महादजी शिंद्यांचे डावपेच, तळेगावची जाळपोळ, कंपनीच्या अधिकाऱ्यांमधील बेबनाव हे सारे होतेच. तरीही पुस्तकात ‘फौज घाट चढून आली’ हे चार शब्द वाचताना आपण ते किती सहज ओलांडतो! मीही ओलांडत असे.

त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी बांधीव रस्ता खुला झाला. तोवर येथील माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई. पाठीवर ओझे घेतलेला बैल तीव्र चढ चढू शकतो. गाडीला जुंपलेला बैल तो चढ ओढू शकत नाही. म्हणून चाकासाठी बांधलेला रस्ता डोंगराला सरळ भिडत नाही. तो वळसे घेतो, अंतर वाढवतो आणि त्या मोबदल्यात चढ सौम्य करतो. घाटातील प्रत्येक वळण हा असा एक सौदा आहे. १८६३ मध्ये याच घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा अभियंत्यांना हाच सौदा अधिक कठोर अटींवर करावा लागला. तेथे चढ ३७ फुटांना १ फूट इतका ठेवावा लागला, आणि आजही कर्जतला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात.

आता गिअरकडे वळू. पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन काही ठरावीक फेऱ्यांच्या मर्यादेतच नीट जोर देते. चढावर वेग मंदावला की फेरे कमी होतात, जोर उतरतो आणि गाडी धापा टाकू लागते. अशा वेळी खालचा गिअर टाकला की चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे वाढतात. वेग जातो, बळ येते. अंतर वाढवून चढ सौम्य करणारे वळण आणि वेग सोडून बळ घेणारा गिअर यांमागचा हिशेब एकच आहे. हे मला पुस्तकातून उमगले नाही. खोपोलीहून वर जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरू लागली आणि डावा हात आपोआप दुसऱ्याकडे गेला, त्या क्षणी उमगले. (शिंगरोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, ही दंतकथा बहुतेकांना ठाऊक असेल. चालक आजही तेथे नाणे वाहून पुढे जातात. त्या कथेवर स्वतंत्र धागा लिहायचा आहे.)

गिअरपेटीच्या इतिहासातही एक चढ आहे. दातेरी चाके सरकवून गिअर बदलण्याची रचना पनार-लव्हासॉर या फ्रेंच कंपनीने १८९१ मध्ये मोटारीत आणली होती. पण १८९८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला लुई रेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने, वरच्या गिअरमध्ये इंजिनाची शक्ती थेट पुढे पोहोचवणाऱ्या नव्या गिअरपेटीची आपली छोटी गाडी पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीच्या खड्या रस्त्यावरून पैजेने वर नेली. त्याच रात्री त्याला बारा गाड्यांची मागणी मिळाली, असे रेनो कंपनीचा इतिहास सांगतो. यंत्राची परीक्षा घ्यायला त्याने शर्यतीचे मैदान न निवडता चढ निवडला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

येथवर लिहिलेले आजोबांना वाचून दाखवले. आईचे वडील, त्यांनी उभी हयात मालट्रक चालवला. ते हसले आणि म्हणाले, “मजा तुझी आहे बाळा, आम्ही पोटासाठी गिअर टाकत होतो.” त्यांच्या ट्रकला सिंक्रोमेश नव्हता. आतील चाकांचे वेग जुळवून गिअर अलगद पडू देणारी ही योजना कॅडिलॅकने १९२८ मध्येच आणली होती, पण आपल्याकडील मालट्रकांपर्यंत ती यायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर ‘डबल क्लच’ हाच उपाय. क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडून फेरे जुळवायचे, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. चुकले तर पेटी किंचाळते आणि भरलेला ट्रक उतारावर मोकळा सुटतो. एका घाटात हे किती वेळा करावे लागे, हे त्यांनी कधी मोजले नाही. त्यांच्या डाव्या गुडघ्याने मात्र मोजले. ज्याला आपण कौशल्य म्हणून गौरवतो ते कोणाच्या तरी सांध्यांची झीज असते, ही गोष्ट माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हती. म्हणून ट्रक आणि बसला ऑटोमॅटिक गिअर यावेत, लवकर यावेत, याबाबत माझे दुमत नाही. ज्यांना पायाच्या व्याधीमुळे क्लच दाबता येत नाही, त्यांच्यासाठी तर ती गाडी म्हणजे स्वातंत्र्यच आहे.

माझा आक्षेप मर्यादित आहे. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर स्वस्त ऑटोमॅटिक आपल्याकडे आली. आता विजेच्या गाड्या येत आहेत, ज्यांच्या मोटारीला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर असल्याने बदलायला गिअरच नसतात. शिवाय उतारावर त्या वीज परत मिळवतात, हे मान्यच केले पाहिजे. पण अशा गाडीत बसलेल्याला चढ जाणवत नाही. रस्तेही त्याच दिशेने चालले आहेत. द्रुतगती मार्गावरील १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. खंडाळ्याचा चढच टाळणारे ‘मिसिंग लिंक’चे बोगदे आखले गेले. वाहतुकीची निकड मला समजते. तरीही ज्या पिढीला सह्याद्री हा बोगद्यातील पिवळ्या दिव्यांपुरताच माहीत असेल, तिला वडगावची मोहीम शिकवताना शिक्षकाला फार कष्ट पडतील.

गाडी पुढच्या महिन्यात जाणार आहे. त्याआधी आजोबांना शेजारी बसवून खोपोलीहून एकदा वर जायचे ठरले आहे. त्यांनी दोन अटी घातल्या आहेत. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांची गत त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, कारण सततच्या दाबाने ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची. हा दुसरा नियम कायद्यातही आहे, हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “कायद्याला आमच्याकडूनच कळलं असेल.”

तुमच्या भागातील घाट कोणता आणि तेथे कोणत्या वळणावर पहिला गिअर टाकावा लागतो, ते खाली लिहा. वरंधा आणि कुंभार्लीबद्दल विशेष उत्सुकता आहे.